नेटवर्कचीही रोज हजेरी घ्या

वॉर्डात राऊंडपूर्वी सिस्टर आधी रुग्ण मोजतात. कोणत्या खाटेवर कोण आहे हेच ठाऊक नसेल, तर उपचार कुणावर करायचे? रुग्णालयाच्या संगणक नेटवर्कलाही हाच नियम लागू आहे.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला गाठले. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचे काम विस्कळीत झाले, हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता. पण तो सगळ्या यंत्रांपर्यंत पोहोचला नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हाही बरेच दिवस कामकाज कागदावर चालले.

आपल्याकडे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये खुर्चीसुद्धा नोंदलेली असते. पण त्यातले कोणते यंत्र आज नेटवर्कला जोडलेले आहे, हे रजिस्टर सांगत नाही. मॉनिटर, एक्स-रे, लॅबची यंत्रे, प्रिंटर, सीसीटीव्ही, शिवाय कुणीतरी सोयीसाठी लावलेला वायफाय राऊटर, सगळेच तिथे असतात.

यावर उपाय म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप होणारे स्कॅन. हे सॉफ्टवेअर नेटवर्कमधील प्रत्येक पत्त्यावर ‘कोणी आहे का?’ असा संदेश पाठवते. लहान नेटवर्कमध्ये असे २५४ पत्ते असतात. उत्तर देणाऱ्यांची यादी बनते आणि ती आधीच्या यादीशी ताडून पाहिली जाते. अनोळखी यंत्र दिसले की सूचना येते. एकदाच रक्तदाब मोजून जसे निदान होत नाही, तसेच एकाच स्कॅनवर भागत नाही. रात्री बंद असलेला लॅपटॉप रात्रीच्या स्कॅनमध्ये सापडणारच नाही. म्हणून वेळा बदलून स्कॅन हवे.

पण एक सावधगिरी बाळगायलाच हवी. जुनी वैद्यकीय उपकरणे जोरकस स्कॅनने गोंधळतात, कधी बंदही पडतात. त्यामुळे आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरमधील यंत्रे अशा स्कॅनमधून वगळावीत. तिथे नेटवर्कवरची ये-जा नुसती ऐकून नोंद ठेवणारी पद्धत वापरावी. बायोमेडिकल इंजिनीअरला विचारल्याशिवाय वेळापत्रक लावू नये. आणि यादी नुसती बनवून उपयोग नाही. ती रोज पाहणारा माणूस नेमलेला हवा. न वाचलेला रिपोर्ट रुग्णाला बरे करत नाही.

घरीही महिन्यातून एकदा राऊटरच्या ॲपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा. ओळखू न येणारे नाव दिसले, तर आधी घरात विचारा. कुणाचेच नसेल, तर वायफायचा पासवर्ड बदला. पाच मिनिटांचे काम आहे.