इटलीच्या डोंगरांतील जुने कोट

इटलीला जाऊन आलेली आमच्याकडील मंडळी हल्लीं पुष्कळ भेटतात. त्यांना काय काय पाहिलें म्हणून विचारावें, तर रोमचें भग्न रंगमंडळ, फ्लॉरेन्समधील चित्रें, व्हेनिसचे कालवे आणि पिसाचा कलता मनोरा एवढी यादी ठरलेली असते. हीं स्थळें पाहूं नयेत असें कोण म्हणेल? परंतु एका शहराहून दुसऱ्या शहरास आगगाडी धांवत असतां टेकड्यांच्या माथ्यावर जे करडे तट व तुटके बुरूज क्षणभर दिसून नाहींसे होतात, त्यांची विचारपूस करण्यास सहसा कोणी उतरत नाहीं. गेल्या मे महिन्यांत आम्हीं मुद्दाम दहा दिवस काढून रोमच्या दक्षिणेपासून उंब्रिया प्रांतापर्यंत असे कांहीं कोट पाहिले. त्यांपैकीं निवडक ठिकाणांची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. ‘कास्तेल्लो’ हा इटालियन शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें एखाद्या सरदाराची गढी उभी राहते. जुन्या कागदपत्रांत मात्र त्याचा अर्थ पुष्कळदां ‘तटाच्या आंतील गांव’ असा असतो. रोमभोंवतालच्या प्रांताचा कसून अभ्यास करून पिएर तुबेर या फ्रेंच इतिहासकारानें १९७३ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हा प्रकार सविस्तर मांडला आहे. दहाव्या व अकराव्या शतकांत रानोमाळ विखुरलेलीं शेतकऱ्यांचीं घरें तेथील जमीनदारांनीं एकेका टेकडीवर गोळा केलीं आणि सभोंवार तट घातला. यांत कुळांचें रक्षण होतें हें खरें. परंतु एकाच वेशींतून ये-जा करणाऱ्या कुळांवर नजर ठेवणें आणि खंड वसूल करणेंहि सोपें जात होतें, हें विसरतां कामा नये. सिएना शहरानें १२१३ ते १२१९ या काळांत उभारलेला मॉन्तेरिज्जोनीचा कोट यास थोडा अपवाद आहे, कारण तें शहराच्या सरहद्दीवरील लष्करी ठाणें होतें. त्याच्या बुरुजांना डांटेनें आपल्या काव्यांत नरकांतील राक्षसांच्या जोडीला बसविलें, आणि तेव्हांपासून त्याची कीर्ति इतकी पसरली कीं, तेथें प्रवाशांची दाटी हटत नाहीं. आम्ही तिकडे फिरकलोंच नाहीं.

आमचा पहिला मुक्काम निन्फा. रोमच्या आग्नेयेस सुमारें सत्तर किलोमीटरांवर, लेपिनी डोंगरांच्या पायथ्याशीं हें ओस गांव आहे. एके काळीं त्याचा मोठा डौल होता. ११५९ सालीं तिसरा अलेक्झांडर याचा पोपपदाचा अभिषेक झाला तो रोममध्यें नव्हे, तर येथील सांता मारिया माज्जोरे या ख्रिस्तमंदिरांत. पुढें पोप आठवा बोनिफास याच्या पुतण्यानें, पिएत्रो काएतानी यानें, १२९८ मध्यें तें गांव विकत घेतलें. शंभर वर्षेंहि लोटलीं नाहींत, तोंच दोन प्रतिस्पर्धी पोपांच्या भांडणांत हें घराणें सांपडलें आणि १३८१-८२ च्या सुमारास निन्फा उद्ध्वस्त झालें.

आतां, लुटलें-जाळलें म्हणजे गांव मरतेंच असें नाहीं. युरोपांत राखेंतून पुन्हां वसलेलीं गांवें थोडीं नाहींत. निन्फा वसलें नाहीं याचें कारण खालच्या पोंतीन दलदलींतील हिवताप. या रोगाचें ‘मलेरिया’ हें नांवच मुळीं इटालियन. ‘वाईट हवा’ असा त्याचा अर्थ. हवेचा यांत कांहीं अपराध नसून तो सारा डांसांचा आहे, हें कळण्यास एकोणिसावें शतक सरत यावें लागलें. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतू सांपडले, आणि पुढच्याच वर्षीं ग्रास्सी या इटालियन शास्त्रज्ञानें माणसाचा हिवताप अ‍ॅनॉफिलीस जातीच्या डांसापासून होतो हें सिद्ध केलें. दलदल कोरडी झाली ती १९३० नंतरच्या दशकांत. तोंपर्यंत निन्फाच्या भिंतींना वेली व कावळे यांचीच सोबत होती.

१९२१ सालीं काएतानी घराण्यांतील जेलाझिओ यानें झाडीझुडपें तोडून पडक्या भिंती सांवरल्या व त्यांच्यामध्यें बाग लावण्यास आरंभ केला. आज ती बाग एका न्यासाच्या ताब्यांत असून वर्षांतील ठराविक दिवशींच उघडते; म्हणून तिकीट आधीं काढून ठेवावें. आम्ही गेलों तेव्हां गुलाब ऐन भरांत होते. ज्या मंदिरांत पोपचा अभिषेक झाला त्याचें छप्पर केव्हांच गेलें आहे. उरलेल्या कमानीवरून गुलाबाचा वेल खालीं लोंबत होता, आणि पलीकडे वाहणारी नदी इतकी निर्मळ कीं, तळांतील गवताची पात न् पात मोजावी. बाग अप्रतिम आहे, आणि नेमकें तेंच आम्हांस थोडें खटकलें. येथें घरें होतीं, चुली होत्या, तापानें फणफणणारीं मुलें उचलून आयाबाया डोंगर चढून गेल्या असतील, याची आठवण त्या फुलांत फार वेळ टिकत नाहीं.

ती उणीव अब्रुत्सी प्रांतांतील रोक्का कालाशो येथें भरून निघाली. हा कोट समुद्रसपाटीपासून १४६० मीटर उंचीवर असून शेवटचा चढ पायींच चढावा लागतो. वडील मंडळींनीं सकाळच्या थंड वेळींच निघावें आणि पायांत चांगले बूट घालावे, येवढी सूचना पुरे. माथ्यावर मधोमध चौकोनी बुरूज, चार कोपऱ्यांस चार गोल बुरूज, आणि समोर ग्रान सास्सो पर्वताच्या खांद्यांवर मे महिन्यांतहि बर्फाचे पट्टे. शोभेची एकहि गोष्ट बांधकामांत नाहीं. आंत शिरण्याची वाट जमिनीपासून सुमारें पांच मीटर उंचीवर ठेवली असून तेथें लांकडी शिडीनें चढत, आणि संकट दिसतांच ती शिडी वर ओढून घेत.

एवढ्या उजाड उंचीवर राखण्यासारखें होतें तरी काय? उत्तर एका शब्दांत: लोंकर. येथील धनगर हिंवाळ्यापूर्वीं आपले कळप घेऊन दक्षिणेस पुलिया प्रांताच्या मैदानांत उतरत व वसंतांत परत येत. लाक्विलाहून फोज्जाकडे जाणारी त्यांची गवताळ वाट २४४ किलोमीटर लांबीची आहे. या लोंकरीच्या लोभानेंच १५७९ सालीं फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानें हा सारा टापू खरेदी केला. परंतु १७०३ च्या भूकंपानें वरच्या वस्तीचीं घरें ढांसळलीं. बहुतेक लोक खालीं कालाशो गांवांत उतरले, आणि १९५७ मध्यें उरलींसुरलीं माणसेंहि निघून गेलीं. शेजारच्या सांतो स्तेफानो गांवांतील जुना मनोरा तर २००९ च्या भूकंपांत कोसळला. तो अलीकडे पुन्हां बांधला आहे. त्या गांवीं आम्हांस बारीक, काळपट मसुरांचें गरम कढण मिळालें. मात्र त्यांत डुकराचें मांस नाहीं ना, हें शाकाहारी मंडळींनीं आधींच विचारून घ्यावें.

कालाशोच्या पुनरुज्जीवनासाठीं २०२२ सालीं दोन कोटी युरो मंजूर झाले. गांवाची कायमची वस्ती दीडशेंच्याहि आंत! दगड सांधले जातील, उपाहारगृहें निघतील, रात्रीं बुरुजावर दिवे लागतील. पण धनगराच्या नातवास तेथें बारा महिने राहून पोट भरतां येईल काय, मुलांना शाळा आणि म्हाताऱ्यांना वैद्य मिळेल काय, हा प्रश्न चुन्या-दगडानें सुटण्यासारखा आम्हांस वाटत नाहीं. प्रवासी येतो तो दोन तासांसाठीं. तटाच्या आंत गांव टिकतें तें तेथें निजणाऱ्यांमुळें.

याच लाक्विला शहराला वेढा घालून बसलेला ब्राच्चो नांवाचा भाडोत्री सेनापति १४२४ सालीं जखमी होऊन मरण पावला. त्याच्या घराण्याचें गांव मॉन्तोने. तें पाहण्यास आम्ही उत्तरेकडे उंब्रियांत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत गेलों. ब्राच्चोची गढी १४७८ सालीं पोप चौथा सिक्स्टस याच्या हुकुमानें पाडण्यांत आली. आज थोडे चौथरे आणि भिंतींचे अवशेष तेवढे आहेत. गांव मात्र तटाच्या आंत नांदतें आहे. खिडक्यांत वाळत घातलेले कपडे आणि उंबऱ्याशीं खुर्ची टाकून बसलेल्या आजीबाई पाहून कालाशोनंतर आमचा जीव खालीं पडला.

मॉन्तोनेस आम्ही गेलों त्याला दुसरेंहि एक कारण होतें. १० जुलै १९४४ रोजीं याच खोऱ्यांत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींतील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. तुकडींतील बाकी सारे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धांवून गेले, बाँब टाकून त्यांनीं ती तोफ बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि बंदुकींत दुसरीं काडतुसें भरण्यास वेळ नाहीं असें पाहून उरलेल्या दोघांना तिच्याच दस्त्यानें लोळविलें. तत्क्षणीं दबा धरून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय अवघें बावीस. ते माणगांव तालुक्यांतले, तेव्हांच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्याचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलींत पडलेल्या हिंदी शिपायांची संख्या पांच हजारांवर आहे.

मॉन्तोनेच्या लोकांनीं २०२३ सालीं घाडग्यांच्या नांवें एक छायायंत्र उभारलें. आपण सर्व एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें लॅटिन वचन त्यासाठीं निवडलें आहे. आम्ही उभे होतों तेव्हां ढग आले व सांवली पुसली गेली. पंधरा मिनिटें थांबलों तेव्हां ती परत उमटली.

घाडग्यांचा देह कोठें आहे याचा ठाव लागलेला नाहीं. त्यांचें नांव रोमच्या दक्षिणेस कासिनो येथील स्मारकावर कोरलेलें असल्यामुळें परतीचा शेवटचा दिवस आम्हीं तिकडे दिला. कासिनोच्या वरच्या अंगास दहाव्या शतकांत एका मठाधिपतीनें बांधलेला रोक्का यानुला हा कोट आहे. मार्च १९४४ मध्यें न्यूझीलंडच्या सैन्यानें तो घेऊन हिंदी ब्रिगेडच्या हवालीं केला, आणि १९ तारखेस जर्मनांनीं त्यावर चाल केली तेव्हां त्या जुन्या भिंतींच्या आडोशानेंच ती परतविण्यांत आली. हजार वर्षांपूर्वींच्या गवंड्याचें काम त्या दिवशीं इंग्रज व राजपुताना रायफल्सचे शिपाई यांच्या उपयोगी पडलें. स्मारकावर नांवांच्या ओळींत घाडगे सांपडण्यास आम्हांस बराच वेळ लागला. तेथील माळी बादली घेऊन फुलझाडांना पाणी घालीत होता. आम्ही कोठून आलों असें त्यानें विचारलें, आणि रायगडच्या बाजूचे म्हणतांच मान हलवून तो पुढच्या वाफ्याकडे वळला.