लढाई नाही, मग स्ट्रॅटेजी कसली?

रविवारी दुपारी भाचा माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावला. पडद्यावर मंगळाची लाल माती, चार-सहा इमारती आणि एका कडेला पाणी, अन्न, लोखंड, काच यांचे सारखे वर-खाली होणारे भाव.

"मामा, रणगाडे कुठायत?"

"नाहीत."

"मग ही स्ट्रॅटेजी गेम कशी? हा तर पटावरचा 'नवा व्यापार'!"

त्याला तो टोमणा वाटला होता. मला प्रश्न रास्त वाटला, कारण असं मोठ्या माणसांनाही वाटतं. खेळ होता 'ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी'. 'सिव्हिलायझेशन 4' या गाजलेल्या खेळाचा मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी तो केला आणि 2016 मध्ये तो बाजारात आला. सैन्य नाही, सीमा नाहीत, डाव साधारण अर्ध्या तासात आटोपतो. अशा आटोपशीर खेळांबद्दल जे गैरसमज आहेत, ते एकेक करून बघू.

गैरसमज : लढाई नाही म्हणजे स्ट्रॅटेजी नाही.

परवाचा माझा डाव सांगतो. समोरच्याने पाण्याची सोय केलीच नव्हती. पाणी बाजारात स्वस्त होतं, लागेल तसं घेऊ, असा त्याचा हिशेब. मी पाणी साठवायला लागलो. या खेळात कोणी माल उचलला की भाव चढतो, विकला की उतरतो, त्यामुळे माझ्या प्रत्येक खरेदीने त्याचं पाणी महाग होत गेलं. वसाहतीतल्या माणसांना पाणी तर लागणारच. ते नसेल तर खेळ आपोआप बाजारभावाने घेतो आणि रक्कम कर्जाला मांडतो. कर्ज वाढलं की कंपनीच्या शेअरचा भाव घसरतो. मग मी साठा चढ्या भावात काढला (काढता काढता भाव पडला, ते वेगळं) आणि त्या पैशातून त्याचेच शेअर उचलले. प्रतिस्पर्ध्याचे सगळे शेअर आपल्या हातात आले की तो डावातून बाद.

यात एकही गोळी सुटली नाही, पण वेढा पडला होता. आणि हीच टंचाई सगळ्यांना सारखी झोंबत नाही. यंत्रमानवांची वसाहत निवडलेल्या खेळाडूला अन्न लागतच नाही. अन्न महागलं तर तो बसून मजा बघतो. म्हणजे कोणती वस्तू अडवायची हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. हा खेळ अगदी अहिंसक आहे असंही नाही. त्यात काळा बाजार आहे, तिथे सुरुंग मिळतात, दुसऱ्याच्या कारखान्यात बंड घडवून आणता येतं. पण डाव जिंकला जातो तो भावफलकावर.

'नवा व्यापार'मध्ये फासे तुम्हाला कुठल्या घरात नेतील ते नेतील. इथे फासेच नाहीत. मांडणी नशिबाने येते, पुढचं बहुतेक तुमच्या आणि समोरच्याच्या करणीचं.

गैरसमज : सुटसुटीत केला म्हणजे पातळ केला.

अंतराळात किंवा जमिनीवर साम्राज्य उभारण्याच्या खेळांना 'फोर एक्स' म्हणतात. शोधा, पसरा, उपसा, संपवा अशी ती चौकडी. 1993 मध्ये ॲलन एमरिच यांनी 'मास्टर ऑफ ओरायन'बद्दल लिहिताना हा शब्द रूढ केला. या जातीचे खेळ आठवडाभर पुरतात आणि शेवटच्या दिवशी बहुधा कंटाळा येतो, कारण निकाल ठरलेला असतो आणि फक्त आरमारं हलवायची उरलेली असतात. 2021 मध्ये आलेल्या 'स्लिपवेज'ने ती आरमारंच काढून टाकली. उरलं एवढंच : ग्रह शोधायचे, त्यावर काय पिकवायचं ते ठरवायचं, आणि ग्रहाग्रहांमध्ये व्यापाराच्या वाटा टाकायच्या. खाणीला माणसं हवीत, माणसांना अन्न हवं. आणि एक छोटासा नियम : एक वाट दुसरीला छेदू शकत नाही.

हा नियम सोपा वाटतो, पण तोच नडतो. आज घाईने टाकलेली लांब वाट पंधरा मिनिटांनी भिंत होऊन आडवी येते. पलीकडचा सुपीक ग्रह दिसतो, हवाही असतो, पण जाता येत नाही.

नियम किती, यावरून खोली मोजायची म्हटलं तर बुद्धिबळ 'गो' या पटावरच्या खेळापेक्षा खोल ठरायला हवं. बुद्धिबळात सहा तऱ्हेची मोहरी, 'गो'मध्ये नुसते गोटे, सगळे एकसारखे. संगणकाने बुद्धिबळात कास्पारोव्हला 1997 मध्ये हरवलं. 'गो'मध्ये ली सेडोलला हरवायला त्याला 2016 उजाडलं.

गैरसमज : समोर कोणी नाही, म्हणजे ते नुसतं कोडं.

इथे मात्र टीकाकारांचं निम्मं मला पटतं. 'स्लिपवेज' एकट्याने खेळायचा खेळ आहे. तुमचं पाणी अडवणारा त्यात कोणी नाही. पण कोड्यात सगळी माहिती समोर असते आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं. इथे नकाशा दर वेळी नवा, आणि यंत्र पाठवून धांडोळा घेतल्याशिवाय कोपऱ्यात काय दडलंय ते दिसत नाही. तरी वाट टाकावीच लागते, कारण वर्षं मोजकी असतात.

आपल्याकडे 'डावपेच' आणि 'व्यूहरचना' हे दोन शब्द सर्रास अदलाबदलीने वापरले जातात. समोर आलेल्या प्रसंगातून कसं निभावायचं, हा डावपेच. अपुऱ्या माहितीवर, पुढच्या काही वाटा आपल्याच हाताने बंद करून, एक वाट धरायची, ही व्यूहरचना. या कसोटीला 'स्लिपवेज' उतरतो, पण काठावर. 'ऑफवर्ल्ड' आरामात उतरतो.

गैरसमज : हे मोबाइलच्या जमान्यातलं घाईचं फॅड आहे.

अंतराळातला व्यापार हा संगणक-खेळांच्या लहानपणापासूनचा विषय. 'स्टार ट्रेडर' 1974 चा. 1983 मध्ये डॅनी बंटन यांचा 'म्यूल' आला. चार वसाहतवाले, एक ग्रह, आणि भर पडद्यावर चालणारे लिलाव. ग्रहाचं नाव इराटा, म्हणजे 'अटारी' उलटं. त्यात जमीन कसणारी यंत्र-खेचरं एका खनिजापासून बनत. ते खनिज कोणी काढलंच नाही तर दुकानात खेचरंच उरत नसत आणि सगळ्यांचाच खोळंबा होई. 'ऑफवर्ल्ड'ची प्रेरणा हाच खेळ, असं जॉन्सन यांनी स्वतः सांगितलं आहे.

गैरसमज : मग अंतराळातला प्रत्येक व्यापारी खेळ स्ट्रॅटेजी.

नाही. 1984 चा 'एलीट' थोर खेळ आहे. 2048 ग्रह, खिशात 100 क्रेडिट, सुरुवात लाव्हे या ग्रहावरून. पण तिथला व्यापार म्हणजे शेतकी ग्रहावर अन्न घ्यायचं, औद्योगिक ग्रहावर विकायचं, आणि वाटेत चाचे भेटले तर वाचायचं. तिथे थरार आहे, यान हाकण्याचं कसब आहे. पण तुमच्या खरेदीने कोणाचा घास महागत नाही, आणि कोणाच्या साठेबाजीने तुमचं दिवाळं निघत नाही. त्याला साहसखेळ म्हणावं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

भाच्याला म्हटलं, एक डाव खेळून बघ. त्याने पहिल्या पाच मिनिटांत पोलादाचे कारखाने टाकले, कारण पोलादाचा भाव चढा होता. तिघा संगणकी प्रतिस्पर्ध्यांनीही तेच केलं. भाव कोसळला. पाणी त्याच्याकडे नव्हतं. अर्धा तासही झाला नव्हता आणि त्याची कंपनी विकली गेली होती.