छातीत धडधडतंय, पण रिपोर्ट नॉर्मल



गेल्या जानेवारीतली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. कोथरूडच्या टेकडीखालच्या एका वस्तीतून आम्हाला फोन आला, "सिस्टर, पळत या, पोरीला अटॅक आलाय." आम्ही पोचलो तेव्हा दारात गर्दी. बारावी सायन्सची मुलगी भिंतीला टेकून बसलेली, धापा टाकत होती. दोन्ही हातांची बोटं आखडून वाकडी झाली होती. "मी मरतेय, मला श्वास येत नाही," एवढंच ती म्हणत होती. फिट आली असं वाटून आजी तिच्या नाकाशी चप्पल धरून बसली होती. शेजारच्या बाई म्हणत होत्या, "बाहेरचं आहे, कुणाला तरी दाखवा." वडील रिक्षा आणायला धावले होते.

महिन्यातली ही तिसरी वेळ. आधी दोनदा दवाखान्यात नेलं होतं. ईसीजी काढला, सलाइन लावलं, "काही नाही, टेन्शन घेते," असं सांगून घरी पाठवलं. दुसऱ्या वेळी परत येताना वडील तिला म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे. आता ही नाटकं बंद." त्या दिवसापासून मुलीने त्रास झाला तरी सांगणं सोडलं.

आपल्या वस्त्यांत अशा मुलामुलींना दोनच निदानं मिळतात: "नाटक" किंवा "बाहेरचं". दोन्ही चूक आहेत. तिला आला तो पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीचा झटका. त्यातला त्रास खरा असतो, शरीरात घडतो, आणि त्यावर उपाय आहे.

शरीरात काय होतं?

समोरून भरधाव ट्रक आला तर आपण विचार करत बसत नाही, उडी मारतो. त्यासाठी शरीर अॅड्रेनालिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतं. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, पोटात गोळा येतो. जीव वाचवण्यासाठीची ही सोय आहे. मनावर बरेच दिवस ताण असला की हीच घंटा ट्रक नसतानाही वाजते. कधी पेपर हातात आल्यावर, कधी रात्री अंथरुणात, कधी काही कारण दिसत नसताना.

मग मुलगी भराभर श्वास घेते. तिला वाटतं हवा मिळत नाही. प्रत्यक्षात ती गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असते. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, चक्कर येते, बोटं आखडतात. हे पाहून ती आणखी घाबरते, श्वास आणखी वाढतो. असं ते चक्र फिरत राहतं. साधारण दहा मिनिटांत झटका टोकाला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. म्हणूनच दवाखान्यात पोचेपर्यंत रिपोर्ट नॉर्मल येतो. घंटा वाजून थांबलेली असते.

झटका येत नाही, पण त्रास रोजचा

सगळ्यांनाच एवढा मोठा झटका येत नाही. ताण अंगावर हळूहळूही उतरतो. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. पेपरच्या आधी जुलाब, मळमळ, सारखं लघवीला जाणं. कपाळ, मान, खांदे दुखणं. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं. झोप न लागणं, जेवण न जाणं, लहानसहान गोष्टीवर चिडणं. मुलगे बहुधा "भीती वाटते" असं म्हणत नाहीत; ते भांडतात, घराबाहेर राहतात, नाहीतर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात.

हे फक्त आपल्याच घरात नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कसला ना कसला मानसिक आजार आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होतं.

त्या क्षणी काय करायचं?

आधी गर्दी हटवा. मुलाला बसवा, कपडे सैल करा, खिडकी उघडा. चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडावर मारू नका. तोंडावर कागदी किंवा प्लास्टिकची पिशवी धरायचा जुना उपायही करू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

एकाच माणसाने शेजारी बसावं आणि हळू आवाजात बोलावं, "मी इथेच आहे. हे थोड्या वेळात ओसरेल." "घाबरू नको" असं ओरडून भीती जात नाही. मग तिच्याबरोबर स्वतः श्वास घ्या. नाकाने आत, मनात चार आकडे. ओठ गोल करून हळूहळू बाहेर, सहा आकडे. श्वास सोडण्यावर भर द्या, कारण सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. विहारात आनापान शिकलेल्या मुलांना हे लवकर जमतं. पण काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिलं की जास्त गुदमरतं. त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगा, घरातल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा, गार पाण्याने तोंड धुवायला द्या.

त्या रात्री आम्ही एवढंच केलं. पंधरा-वीस मिनिटांत तिची बोटं मोकळी झाली. वडील रिक्षा घेऊन आले तेव्हा ती पाणी पीत होती.

पण आधी तपासणी करा

पॅनिक अटॅक आहे असं आपण घरच्या घरी ठरवायचं नाही. पहिल्यांदा झालं की डॉक्टरांना दाखवाच. रक्त कमी असलं तरी धडधडतं आणि दम लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ प्रमाणे देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. थायरॉइड, दमा, हृदयाचे झडपदोष यांतही अशीच लक्षणं दिसतात. तेव्हा हिमोग्लोबिन आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करून घ्या.

खेळताना किंवा पळताना चक्कर येऊन पडणं, ओठ निळे होणं, छातीत घरघर, शुद्ध हरपून जीभ चावली जाणं, अंगात जोराचा ताप, किंवा अर्ध्या तासानंतरही त्रास न उतरणं, यातलं काही असेल तर वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा.

आणि एक. परीक्षेच्या दिवसांत रात्री जागायला मुलं कोरा चहा आणि एनर्जी ड्रिंक पितात. त्यातल्या कॅफिनने धडधड वाढते. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी तर अजिबात आणू नका.

"बाहेरचं" काही नसतं

ही गोष्ट आपल्या घरांत पुन्हा सांगावी लागते याचं वाईट वाटतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला २२ प्रतिज्ञा दिल्या. तरी पोरगी थरथरली की कुणीतरी अंगारा घेऊन येतंच. २०१३ पासून आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, उपचारापासून रोखणं हा त्यात गुन्हा आहे. शिवाय त्या मुलीला "तुझ्यात काहीतरी शिरलंय" असं सांगितलं तर तिची भीती दुप्पट होते आणि पुढचा झटका लवकर येतो.

तिच्या मनावर काय होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याशी एकटीने बोललो. घरच्यांना थोडा वेळ बाहेर पाठवलं. तासाभराने ती बोलायला लागली. आई सोसायटीतल्या चार घरी धुणीभांडी करते, क्लासची फी तिने उचल घेऊन भरलेली. जात पडताळणीचा दाखला अजून हातात आलेला नाही, प्रवेशाला तो लागणार. वर्गातली एक मुलगी हसत म्हणाली होती, "तुला कशाला टेन्शन, तुला कोट्यातून मिळेलच." दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असताना अभ्यास करायचा. आणि नापास झालं तर? मामाने स्थळ आणून ठेवलंय.

यातली एकही गोष्ट ईसीजीत दिसत नाही.

मुलांशी असं एकटं बोलणं गरजेचं आहे. कधी कारण परीक्षेचं असतं, कधी कुणी अंगाला हात लावलेला असतो. तसं काही कळलं तर मुलावर विश्वास ठेवा आणि १०९८ वर फोन करा. "जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?" हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मूल मोकळं होतं. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

अठरा तासांचं काय?

वडिलांशी बोलताना ते म्हणाले, "ताई, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. हिला चार तास होत नाही?" हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात आहे. एप्रिलमध्ये आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रमही घेतो, आणि घ्यावाच. पण त्या गोष्टीची दुसरी बाजू आपण मुलांना सांगत नाही.

परळच्या चाळीत सुभेदार रामजींचं सगळं कुटुंब एका खोलीत राहत होतं. रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपायला लावायचे आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवून मग स्वतः आडवे व्हायचे. म्हणजे मुलाची झोप आधी झालेली असायची, आणि घर शांत असायचं. ती शांतता बापाने स्वतःची झोप मोडून मिळवून दिली होती. बाबासाहेबांनाही पुढे मधुमेह झाला, पायांच्या दुखण्याने आणि निद्रानाशाने ते बेजार झाले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला. डॉ. शारदा कबीर, म्हणजे नंतरच्या माईसाहेब, त्यांना १९४७ च्या सुमारास भेटल्या त्या या उपचारांच्याच काळात. शरीर हाक मारतं तेव्हा ऐकणं हा कमकुवतपणा नव्हे.

हे ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले, "टीव्ही बंद ठेवतो."

मदत कुठे मिळते?

सुरुवात कोथरूडच्या महापालिकेच्या सुतार दवाखान्यापासून करा. पुढे गरज लागली तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे दाखवायला गेलं म्हणजे भरती करतात असं नाही, आणि तिथे जाणारा वेडा असतो असंही नाही. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणं आणि आपली माहिती गुप्त राहणं हा आपला हक्क केला आहे.

बऱ्याच मुलांना समुपदेशनाने, म्हणजे शिकलेल्या माणसाशी ठरावीक वेळा बोलून, चांगला फरक पडतो. काहींना मानसोपचारतज्ज्ञ थोडे महिने औषध देतात; ते मनाने बंद करायचं नाही. आणि झटक्याच्या भीतीने शाळा-कॉलेज सोडवू नका. घरी बसवलं की भीती पक्की होते. मुलगी असेल तर शिक्षणही तिथेच थांबतं.

त्या मुलीने बारावीचे सगळे पेपर दिले. फिजिक्सच्या दिवशी केंद्रावर पुन्हा धडधडलं. तिने पेन खाली ठेवलं, दहा वेळा लांब श्वास सोडला आणि पुढे लिहिलं. त्रास पूर्ण गेलाय असं नाही, अजून समुपदेशन चालू आहे. पण आता त्रास झाला की ती घरी सांगते, आणि घरचे ऐकतात.

विहाराच्या कार्यकर्त्यांना एकच विनंती. संध्याकाळी सात ते दहा विहाराचा हॉल अभ्यासासाठी उघडा ठेवा. दिवे, पंखा, पाणी आणि शांतता एवढं पुरे. आणि भिंतीवर १४४१६ हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा.

जय भीम, नमो बुद्धाय.