विचारायचं राहून जातं

आमच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगा उत्तरवाहिनी होते, तिथं मार्कंडा आहे. अल्पायुषी मार्कंडेयानं शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला परतावं लागलं, त्या कथेचं हे ठिकाण. महाशिवरात्रीच्या जत्रेत माणसं इथं आयुष्य मागतात. मरणाच्या वाटेवरल्या माणसाला ‘तुला काय हवं?’ विचारणं मात्र आमच्याकडे अभद्र समजतात. कर्करोगाचं नावसुद्धा लपवतात. मुलगा, सून, जावई, सगळ्यांना ठाऊक असतं. दुखणं ज्याचं, त्यालाच नसतं. मग शेवटच्या इच्छांची यादी करणार कोण?

अशा यादीसाठीचा ‘बकेट लिस्ट’ हा शब्द जगभर गेला तो डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या हॉलिवूडच्या चित्रपटामुळे. कर्करोगाचे दोन म्हातारे रोगी, त्यातला एक गडगंज श्रीमंत, जग पाहायला निघतात. त्यानंतर दोनच महिन्यांत, ९ फेब्रुवारी २००८ला, रक्ताच्या कर्करोगानं आजारी असलेले बाबा आमटे आनंदवनात गेले. त्यांच्या देहाला अग्नी दिला नाही. इच्छेप्रमाणे तिथल्याच मातीत ठेवलं. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली ही एक इच्छा मला चित्रपटातल्या साऱ्या सफरींहून मोठी वाटते. घरच्यांना ती माहीत होती, म्हणून पाळता आली.

२०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉ. पेरियाकोइल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक लोकांना विचारलं, तर दहातल्या नऊ जणांकडे अशी यादी होती आणि प्रवास सर्वांत वर. ही सगळी काही मरणपंथाला लागलेली माणसं नव्हती. पण उपचार ठरवण्याआधी डॉक्टरांनी रोग्याची यादी विचारावी, हा पेरियाकोइल यांचा सल्ला मला पुरता पटतो. मुलीचं लग्न तोंडावर असेल, तर केमोची तारीख त्याप्रमाणे धरता येते.

आमच्या भागातल्या इच्छा निराळ्या. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं तोंडाचा कर्करोग झालेल्याचा जबडा उघडत नाही, पातळ अन्न नळीनं जातं. त्याला एकदा वरण-भात तोंडानं खायचा असतो. धान घरी येईपर्यंत जगायचं असतं. कुणाचं किती देणं आहे, ते मुलाला सांगायचं असतं. नागपूरच्या रुग्णालयातल्या खाटेवरून घरी यायचं असतं. दूरच्या तीर्थयात्रेसाठी धानाची बांधी गहाण टाकली, तर ती यादी मागे राहणाऱ्यांच्या गळ्याशी येते. तसं होऊ नये.

आणि वेदना अनावर असतील तर कसली इच्छा! १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिनभोवती परवान्यांची अशी भिंत उभी केली की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, मरणासन्न रोग्यांसाठी देशातलं पहिलं. अशा सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम यायला २०१२ उजाडलं, कायदा सैल व्हायला २०१४. या वर्षांत आमच्याकडची किती माणसं नुसती कण्हत गेली असतील, या विचारानं आजही राग येतो. मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे; ती लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर जवळ हवा.

इच्छा लिहून ठेवायला आता कायद्याचाही आधार आहे. ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं जिवंतपणीचं इच्छापत्र मान्य केलं: शेवटी कृत्रिम उपचारांनी जीव ताणू नका, असं आधी लिहून ठेवता येतं. जानेवारी २०२३ मध्ये रीतही सोपी झाली; दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. चामोर्शीत तहसील कचेरी आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगाव आशाताई आहेत. तपासणीचा कागद हाती येतो त्याच आठवड्यात यांच्यापैकी कुणीतरी रोग्याजवळ बसावं, त्याला विचारावं आणि तो सांगेल ते घरच्यांसमोर लिहून घ्यावं.