वाचलेलं विसरतं, विचारलेलं राहतं



हिब्रूत 'आखोत' म्हणजे बहीण आणि 'आखोत' म्हणजेच नर्स. मुंबईच्या इस्पितळातही आम्हाला सगळे 'सिस्टर'च म्हणत. हाक तीच राहिली, पण इस्रायलला आल्यावर औषधांचा अभ्यास मात्र पुन्हा करावा लागला.

एकच उदाहरण देतो. भारतात इन्सुलिनची ४० युनिटची बाटली सर्रास मिळते, म्हणजे १ मिलीलिटरमध्ये ४० युनिट. इथे १०० युनिटचं. आता ४०च्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर ते अर्धा मिलीलिटर होतं. बाटली १००ची असेल तर पोटात गेले ५० युनिट! अडीचपट. साखर झपकन उतरते, माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो.

म्हणून नर्सचा अभ्यास कधी संपत नाही. पाळ्यांमुळे सगळ्यांना एका वेळी वर्गात बसवता येत नाही. मग ज्याचा अभ्यास त्यानेच करायचा. आम्ही तीन रीती वापरून पाहिल्या.

पहिली, माहितीपुस्तिका वाचणे. माहिती पक्की असते, पण रात्रपाळीनंतर डोळे ओळींवरून नुसते फिरतात. दुसरी, संगणकावरची 'लोमदा'. चित्रं असतात, शेवटी प्रश्न असतात, सवडीने करता येते. पण वाचल्या वाचल्या उत्तर दिलं की आपल्याला सगळं येतं असं उगाच वाटतं. तिसरी, साधी चिठ्ठी: एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. पुस्तिकेशी ताडून लिहायची, नाहीतर चूकच पाठ होते!

आमचा कौल चिठ्ठीला. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. धडा दोनदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवला. एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना ७५. पण आठवड्यानंतर? वाचणारे ४२वर घसरले, आठवून लिहिणारे ५६वर राहिले. रुग्ण काही पाच मिनिटांनी येत नाही, तो महिन्यांनी येतो. म्हणून समजायला पुस्तिका आणि लोमदा, टिकवायला चिठ्ठी, तीही चार-आठ दिवसांनी पुन्हा काढायची. आणि कितीही पाठ असलं तरी औषध देताना बाटलीवरचं लेबल वाचायचंच. इन्सुलिनला दुसऱ्या नर्सची नजरही हवी.

आता तुमची पाळी. आजी-आजोबा, मुंबईहून आणलेली सिरिंज इथल्या बाटलीला कधीही लावू नका. शंका आली तर कुपत होलिमच्या नर्सला दाखवा. आणि बाळगोपाळांनो, शब्बाथ संपला की आजीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या करा: नाव काय, कशासाठी, केव्हा घ्यायची? उत्तरं डॉक्टरांच्या कागदावरून उतरवा. गोळ्यांना हात लावायचा नाही, फक्त आजीला विचारायचं. आजी चुकली तर हसू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.