हवेने वळलेले सूत

टेरिकॉटचा सदरा काही महिने वापरला की कॉलरवर बारीक गोळ्या धरू लागतात. सुताच्या पृष्ठावर मोकळी राहिलेली तंतूंची टोके घर्षणाने एकमेकांत गुंततात व त्यांतून या गोळ्या तयार होतात. निव्वळ सुती कापडावरही त्या धरतात, पण लवकर झडून जातात. पॉलिएस्टरचा तंतू चिवट असल्यामुळे तो गोळीला सोडत नाही. हा दोष कमी करावयाचा तर टोके सुतातच बांधून ठेवली पाहिजेत. हे काम दाबाखालील हवेकडून करवून घेता येते.

चातीवरच्या कताईत सबंध सुताला पीळ बसतो. जपानच्या मुराता कंपनीने १९८०च्या दशकात प्रचारात आणलेल्या यंत्रात चातीच नाही. खेचून बारीक केलेला पेळू त्यात एकापुढे एक बसविलेल्या दोन नळ्यांमधून जातो. नळ्यांच्या तिरप्या छिद्रांतून हवा आत घुसते आणि भोवऱ्यासारखी फिरते. दुसऱ्या नळीतील अधिक जोरकस भोवरा सबंध पेळूला पीळ देतो. पहिला, उलट दिशेने फिरणारा भोवरा कडेचे थोडे तंतू त्या पिळापासून अलग ठेवतो. नळीबाहेर पडताच मधल्या तंतूंचा पीळ उलगडतो आणि त्याच वेळी कडेचे तंतू त्यांच्याभोवती आवळले जातात. कडब्याची पेंढी बंधाने एकत्र राहावी तसेच हे सूत. लांब, एकसारखे पॉलिएस्टर तंतू मिश्रणात अधिक असले म्हणजे हे बंध चांगले बसतात.

मात्र सारी मदार दाबावर असते. तो कमी पडला तर बंध विरळ होतात व सूत मागावर तुटते. दाब वाढविला की बंध वाढतात, बाहेर आलेली टोके कमी होतात, सुताला बळ येते. कापड स्वच्छ दिसते आणि त्यावरील छपाईची रेघही ठसठशीत उमटते. परंतु मर्यादेपलीकडे गेल्यास तंतूंची रचना विस्कटते आणि बळ पुन्हा घटते. घट्ट आवळलेले सूत ताठही होते. असे कापड डोळ्यांना सुबक वाटले तरी हाताला खरखरीत लागते, आणि गिऱ्हाईक तर ते आधी बोटांनीच पारखते!

छिद्रांत तेल वा कस अडकला तर एकाच नळीतील दाब उतरतो. तिचे केसाळ सूत इतर सुतांशेजारी विणले गेले की विणताना न दिसलेला पट्टा रंगविल्यावर उठून दिसतो.