हाक आणि आज्ञा

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. कानांनी साथ दिली नाही आणि वैद्यकीचा बेत सोडावा लागला. त्या उतरल्या होत्या वाँटेज गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात. या संघाच्या भगिनी १८७७ पासून पुण्यात काम करत होत्या, त्यातून ही ओळख झाली होती. मठातून रमाबाईंना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रयगृहात पाठवण्यात आले. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायका तिथे राहत आणि व्रतस्थ भगिनी त्यांची शुश्रूषा करत. पतित बाईला कोणती शिक्षा द्यावी हे रमाबाईंनी शास्त्रांत वाचले होते. तिच्या उशाशी कोणी बसते, हे त्या प्रथमच पाहत होत्या. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती सेवेबद्दल लिहिताना हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि बहुतेकदा इथेच थांबवला जातो. त्यानंतरची दोन वर्षे मला जास्त महत्त्वाची वाटतात. ज्या मठाने रमाबाईंपर्यंत ती हाक पोचवली, त्याच मठाशी त्यांचा वाद सुरू झाला. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आज छापील रूपात वाचता येतो. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उलट विचारले की, माझ्या देशात मी पुरुषांच्या सभांत भाषणे केली, तेव्हा मला कोणी अडवले होते? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्याचे जू मानेवर घेणार नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहून कळवले. भगिनीसंघाची व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. भगिनींनी दाखवलेले काम मात्र त्यांनी मरेपर्यंत केले.

कॅथलिक धर्मसंघांत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते असतात. बाहेरच्या माणसाला कुतूहल असते ते ब्रह्मचर्याचे. आत आयुष्य काढलेल्या फादर-सिस्टरांशी मनमोकळे बोलावे, तर त्यांतले बरेच जण सांगतात की तिसरे व्रत सर्वांत जड. वरिष्ठांच्या एका पत्राने वीस वर्षांचे काम मागे टाकून दुसऱ्या जिल्ह्यात जायचे असते. देवाची आज्ञा आणि वरिष्ठांची आज्ञा एकच आहे, असे मानून चालावे लागते. ती एक नसेल तेव्हा काय करायचे? आपल्याकडच्या ख्रिस्ती सेवेचा सगळ्यात सकस भाग या प्रश्नाशी झगडणाऱ्या माणसांनी उभा केला, असे माझे मत आहे.

रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला, ‘केसरी’ने कडक टीका केली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाला आजही बगल देऊ नये. सेवेच्या बदल्यात धर्म मागितला जातो का, हा प्रश्न खरा होता आणि दुष्काळात अन्न देणाऱ्या प्रत्येक मिशनला तो लागू होता. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि मुलींसाठी प्रार्थनेचे दारही बंद केले नाही. ज्यांना हे पटले नाही ते दूर गेले, आणि तसे जाण्याचा त्यांना अधिकार होता. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांच्या घरून पुढे जे काम झाले, त्याची एक मुळी शारदा सदनात आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांची सोय केडगावच्या शेतजमिनीवर झाली. हे दौंडकडचे केडगाव. नगरच्या केडगावशी गल्लत होऊ नये. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. अंध मुलींसाठी वेगळे सदन, अत्याचारातून सुटलेल्या बायकांसाठी कृपा सदन, शिवाय शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम आणि छापखाना. या छापखान्यात बायका खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेले बायबल तिथेच छापले गेले. कन्या मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि त्यानंतर वर्षभरात, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या.

ख्रिस्ती असूनही त्यांनी ख्रिस्ती सरकारची भीड ठेवली नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या गैरव्यवस्थेबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. त्यावरून ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले, रमाबाई आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या.

नारायण वामन टिळकांची कथा याच वळणाची आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नंतरची बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने नगरला शिकवले, लिहिले, अभंग आणि भजने रचली. पण मिशनचा पगार, मिशनचा बंगला आणि मिशनचे नियम त्यांना टोचत राहिले. ख्रिस्त या मातीतल्या माणसाला मातीच्याच वाटेने भेटला पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. त्या काळच्या कोणत्याही मिशनला हे मानवणारे नव्हते. पुढे दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फुलायच्या आत ओसरला.

टिळकांच्या संन्यासाची किंमत कोणी भरली, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याशिवाय कळत नाही. घरात पैसा टिकत नसे. कोणी अनाथ मूल आणले, कोणी पाहुणा आला, की चुलीपाशी लक्ष्मीबाई. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर स्पर्शास्पर्शाचे संस्कार त्यांनी एकेक करून स्वतःच्या मनातून काढले आणि मग बाप्तिस्मा घेतला. त्यांना कोणी दीक्षा दिली नाही, कोणत्या संघाने पाठवले नाही. तरी ‘पाचारण’ या शब्दाला शोभणारे आयुष्य शोधायचे तर मी त्यांचेच नाव आधी घेईन.

सगळेच काही भांडले नाहीत. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये आले, १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभे केले, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केले. कुष्ठरोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी वेगळ्या सोयी झाल्या आणि वानलेसवाडी हे नाव नकाशावर आले. मिशनच्या चौकटीत राहूनही काम किती मोठे होऊ शकते, याचे मिरज हे उत्तर आहे.

टिळकांच्या विचारांचा वारसा चालवला तो एका इंग्रज पाद्र्याने. जॅक विन्स्लो यांनी टिळकांचे चरित्र लिहिले आणि १९२२ मध्ये नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. पुढे तो पुण्याला शिवाजीनगरात आला. खादी, शाकाहार, जमिनीवर बसून जेवण, गोऱ्या-काळ्यांनी एका छपराखाली राहणे. १९२७ च्या अखेरीस ऑक्सफर्डचा एक तरुण पाद्री या संघात दाखल झाला, त्याचे नाव व्हेरियर एल्विन. तो गांधीजींकडे ओढला गेला. नागपूरच्या बिशपांनी राजनिष्ठेची शपथ मागितली आणि ती घ्यायला एल्विनने नकार दिला. १९३२ मध्ये तो मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला आणि काही वर्षांनी त्याने चर्चही सोडले. जगाला एल्विन माहीत आहे. त्याच्या बरोबरीने करंजियाला गेलेले शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती गृहस्थ आपल्यालाही फारसे माहीत नाहीत. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांचे काम यांचा रोजचा भार शामरावांनी वाहिला. एल्विन ईशान्येला निघून गेल्यावरही ते त्या डोंगराळ मुलखातच राहिले. परधानांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४६ चे आहे. मराठीत त्यांचे साधे चरित्र लिहिले जायला हवे.

नगर जिल्ह्यातच पुढे हर्मन बाखर या स्विस जेझुइट फादरांनी सेवेचा पत्ताच बदलला. दुष्काळात धान्य वाटणे हे मिशनचे जुने काम. बाखरांनी पावसाचे पाणी माथ्यावर अडवण्याचा आग्रह धरला. गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग पैसा. १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. पाणलोटाच्या सभेत कोण कोणत्या धर्माचा, हे विचारायचे कारणच उरले नाही, आणि १८९३ च्या वादावर मला पटलेले सर्वांत चांगले उत्तर हेच आहे.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी प्रवचनाची वेस ओलांडून हरित वसईचा लढा दिला. पाणी, जमीन आणि गुंडगिरी हे विषय धर्मगुरूचे नव्हेत, असे म्हणणारे त्यांच्या समाजातही होते. ‘सुवार्ता’चे संपादन आणि ‘सुबोध बायबल’ या कामांनी ते मराठीच्या मध्यभागी आले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू ठरले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

आता वसईच्या घरांत एक-दोन मुले असतात आणि त्यातला एक सेमिनरीला पाठवणे आईबापांना पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. मुलींच्या बाबतीतही हेच. पूर्वी नर्स किंवा शिक्षिका होण्यासाठी कॉन्व्हेंट हा एक मोठा मार्ग होता, आज त्यासाठी व्रते घ्यावी लागत नाहीत. देशात फादरांपेक्षा सिस्टरांची संख्या कितीतरी जास्त आहे, शाळा-दवाखान्यांचे रोजचे काम बहुतांशी त्याच करतात, आणि वेदीवर व निर्णयाच्या टेबलावर मात्र पुरुष. २०१८ मध्ये कोचीत पाच धर्मभगिनी आपल्या एका सहकारी भगिनीच्या तक्रारीसाठी रस्त्यावर धरणे धरून बसल्या. तक्रार एका बिशपविरुद्ध होती. २०२२ मध्ये न्यायालयाने त्या बिशपांना निर्दोष सोडले. खटल्याचा निकाल न्यायालयाचा विषय आहे. पण आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या बायका फलक घेऊन बसलेल्या पाहताना मला चेल्टनहॅमहून पत्रे लिहिणाऱ्या रमाबाई आठवल्या.

रमाबाईंची पत्रे छापली गेली, लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहिले, म्हणून आपल्याला एवढे तरी ठाऊक आहे. गावोगाव पायी फिरलेल्या बायबलबाया, मिरजेच्या परिचारिका आणि कुष्ठधामात आयुष्य घालवलेल्या सिस्टर यांच्यातल्या फार थोड्यांची नावे मराठी पुस्तकांत आली आहेत. वसई, नगर, पुणे आणि मिरज इथे निवृत्त सिस्टर आणि मिशनच्या जुन्या परिचारिका आज वयाने थकल्या आहेत, पण अनेकींची स्मरणशक्ती शाबूत आहे. मराठी विभाग असलेल्या एखाद्या महाविद्यालयाने त्यांच्या मुलाखती आताच ध्वनिमुद्रित करायला घ्याव्यात. त्यांना कामाबद्दल विचारावेच, आणि वरिष्ठांना कधी, कशासाठी ‘नाही’ म्हणालात, हेही विचारावे.